गळ्यातलं छत

अंगारअण्णाने जन्मात किती भुयारं खोदली, हा आकडा त्या दिवशीच्या हवेवर ठरायचा. आभाळ भरून आलं असेल तर दोनशे, ऊन लख्ख पडलं असेल तर सव्वातीनशे. त्यातली निम्मी वाऱ्यावर सोडली तरी शंभरेक भुयारं खरीच, कारण त्याच्या मुळिगद्दे गावच्या डोंगरांतून त्यांचं पाणी अजून चालतंय. जांभ्याच्या डोंगराच्या पोटात कमरेत वाकून आडवं शिरायचं, पाझर लागेपर्यंत कुदळ चालवायची, आणि पाझर लागला की पुढचं काम पाण्याचं, ते आपल्या पायांनी बाहेर येतं, असा तो धंदा. त्याची कुदळ म्हणे एकदा थेट सासुरवाडीच्या चुलीखाली निघाली. वरून पेजेचं मडकं त्याच्या मांडीत उतरलं. त्याने पेज पिऊन मडकं परत वर दिलं आणि ‘लोणचं विसरलात’ असं सासूला खालूनच बजावलं. सासू आता हयात नाही, त्यामुळे खोडून काढणारं कुणी उरलं नव्हतं.

एका बाबतीत मात्र हा माणूस थाप मारत नसे. कानाच्या बाबतीत. भुयारात एक जण आत खोदतो आणि एक जण तोंडाशी बसून मातीच्या पाट्या दोराने ओढतो. दुसरा दोर आतल्याच्या घोट्याला बांधलेला असतो. आतला दिसत नाही. म्हणून अंगाराच्या घराण्यात आतल्याने सतत गात राहायचं, असा दंडक होता. सूर नसला तरी चालेल, शब्द चुकले तरी चालतील, पण तोंड बंद ठेवायचं नाही. सोळाव्या वर्षी अंगारा असाच तोंडाशी बसला होता आणि आत मामा गात होता. मामा गायचा थांबला. अंगाराने हाक मारली नाही, विचार केला नाही, दोर ओढला. मामा आधी पायांनी आणि मग बाकीच्या अंगाने बाहेर आला, माती थुंकत आणि अंगाराच्या सात पिढ्या उद्धरत. आत छत बसलं होतं. त्या दिवसापासून ‘आवाज थांबला की छत बसलं’ हे अंगाराच्या हाडात मुरलं.

त्याची नात निश्मिता सातव्याच महिन्यात जन्माला आली, दोन शहाळ्यांपेक्षा हलकी. मंगळुरातल्या दवाखान्यात तिला श्वासाच्या यंत्राला जोडलं. यंत्र सुटेना, तेव्हा पाचव्या महिन्यात गळ्याला भोक पाडून नळी बसवली, आणि पोर घरी आली ती नळीसकट. नळीतून श्वास जायचा तो सूंऽऽ करत, यायचा तो खर्रऽ करत. पहिले आठ दिवस घरात कुणाला झोप लागली नाही. नवव्या दिवसापासून त्या सूं-खर्रशिवाय कुणाला झोप येईना. पोरीची आई, अण्णाची लेक वारिजा, भात शिजवताना एक कान तिकडे ठेवी. बाप सुपारीची लॉरी घेऊन गुजरातच्या वाटेवर असे, तो फोनवर आधी म्हणे, “जरा तिच्या गळ्याशी धर.” नळी दर आठवड्याला बदलायची, ते काम अंगारअण्णाकडे होतं, कारण घरात न थरथरणारे हात तेवढे दोनच होते. पोर हनुवटी खाली दाबून नळीचं तोंड झाकायची आणि बोलायची. एका दमात तीन शब्द. चौथा शब्द लागलाच तर पुन्हा श्वास घ्यावा लागे. शिव्या दोनच शब्दांच्या असल्यामुळे तिचं फारसं अडत नसे.

ती चार वर्षांची असताना डॉक्टरांनी नळीला बूच लावून पाहिलं. फुफ्फुसं आता दणकट झाली होती, नळीची गरज संपली होती. प्राणवायू मोजणाऱ्या बोटाच्या यंत्रावर अठ्ठ्याण्णव आकडा झळकत होता. पोरीच्या तोंडातून येणारी घरघर तुटताच अंगारअण्णा कोपऱ्यातून ओरडला, “काढा ते! छत बसलं!” नर्सने यंत्राकडे बोट दाखवलं. यंत्राने बोंब ठोकली ती त्यानंतर, पोरीचे ओठ जांभळे व्हायला लागल्यावर. बूच काढलं, नळी पुन्हा सुरू झाली, आणि दवाखान्यात अण्णाच्या कानाला तेव्हापासून मान मिळाला. बाकीच्या अण्णाला नाही.

यंदा निश्मी सहा वर्षांची झाली, आणि डॉक्टर ग्रेटा लोबो यांनी दुर्बीण घालून तिचा गळा आतून नीट पाहिला. या बाई उंचीने बेताच्या, पण तुळूत अशा खडसावत की मासळीबाजारात त्या आल्या की कोळणी भाव आपणहून खाली आणत. त्यांनी कागद ओढला आणि एक नळकांडं काढलं.

“हा श्वासाचा मार्ग. इथं आम्ही भोक पाडून नळी बसवली. साडेपाच वर्षं ती नळी भोकाच्या वरच्या कडेला रेटत राहिली. तिथं कूर्चा असते, आपल्या कानाची असते ना, तसली. ती मऊ पडली. आता नळी बंद केली आणि पोरीने वरून श्वास ओढला की ही भिंतच आत ओढली जाते. वाट बंद.”

“म्हणजे छत बसलं,” अंगारअण्णा म्हणाला.

“छत म्हणा हवं तर.”

“भोक कुणी पाडलं?”

“आम्ही.”

“आणि टेकू नाही दिलात?”

वारिजाने कोपराने ढोसलं. “अप्पा!”

“विचारू दे गं. भुयाराला हवेसाठी वरून भोक पाडतात, तेव्हा भोकालगतचं छत आधी बसतं. शेंबड्या पोरालाही माहीत आहे.”

“भोक पाडलं नसतं तर त्याच आठवड्यात पोर गेली असती, अण्णा. टेकू बघायचा की जीव?”

अण्णाने कागदाकडे बघत गाल खाजवला. “हवा आधी,” तो म्हणाला. “बरोबर केलंत. पुढं?”

“पुढं असं. भोकाच्या वर मांसाची गाठ वाढलीय, बोराच्या बीएवढी. ती कापायची. मग गळा बाहेरून थोडा उघडायचा, पडलेल्या भिंतीतून टाके घ्यायचे, ती पुढं ओढायची आणि गळ्याच्या स्नायूंना बांधून टाकायची.”

“आतून टेकू नाहीच?”

“आतून टेकू लावला तर श्वास कुठून जाईल? टेकूच्या काखेतून?”

“म्हणजे छत टांगणार.”

“टांगणार.”

“धाग्याने.”

“चांगला धागा असतो हो, अण्णा.”

अंगारअण्णाने कागदावरच्या नळकांड्यावर बोट फिरवलं. छत खालून धरायचं असतं, नाहीतर त्याला राम राम करून दुसरीकडे खोदायचं असतं. शंभर म्हणा, सव्वातीनशे म्हणा, त्यातलं एकही छत कुणी वरून धाग्याने बांधलं नव्हतं. पण बाईंसमोर हे बोलायची त्याची छाती झाली नाही.

“भिंत फारच सडकी निघाली तर बरगडीच्या टोकाची कूर्चा काढून ठिगळ लावीन,” बाई म्हणाल्या. “तशी वेळ येईलसं वाटत नाही.”

“माझी बरगडी घ्या. तिची कोवळी आहे.”

“तुमची कूर्चा आता हाड झालीय. शिवाय तिच्यात थापा मुरल्यात, पोरीला बाधतील.”

निश्मीने हनुवटी दाबली. “अज्जा थापाड्या आहे.” तीन शब्द, पुरेपूर.

शस्त्रक्रिया झाली. अडीच तास लागले. अण्णा बाहेर बाकावर बसून मडिकेरीच्या एका कॉफीवाल्याला भुयारात भेटलेल्या अजगराची गोष्ट सांगत होता. अजगर भुयाराएवढाच जाड असल्यामुळे आपण त्याच्या पोटातूनच पुढे खोदत गेलो, इथपर्यंत गोष्ट आली आणि त्याला पुढचं आठवेना. असं उभ्या जन्मात झालं नव्हतं. कॉफीवाला वाट बघून शेवटी म्हणाला, “मग बाहेर कुठून निघालात?” अण्णा म्हणाला, “अजून आतच आहे.”

बरगडीला हात लावावा लागला नाही. टाके घेतले, भिंत बांधली, आणि ती जागेवर धरेपर्यंत नळी तशीच ठेवली. तीन आठवड्यांनी बाईंनी पुन्हा दुर्बीण घातली. छत उभं होतं. मग लहान नळी बसवली, तिला एक दिवस-रात्र बूच लावलं. पोर वरून श्वास घेत राहिली, आकडा अठ्ठ्याण्णवच्या खाली उतरला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नळी निघाली. भोकावर जाळीच्या कापडाची घडी ठेवून वर चिकटपट्टी मारली.

“भोक आपोआप आक्रसतं,” बाईंनी सांगितलं. “दोन दिवस इथंच ठेवते. जादा नळी उशाशी टांगलीय. कधी श्वास कोंडलाच तर काय करायचं, अण्णा?”

“आधी नळी, मग आरडाओरड,” अण्णा पाढे म्हणावेत तसं म्हणाला.

“शाबास.”

निश्मी पलंगावर बसली होती. एकाएकी तिने नाक वाकडं केलं, इकडे वळवलं, तिकडे वळवलं.

“काय झालं गं?” वारिजा घाबरली.

“नाकात काहीतरी जातंय.”

“श्वास जातोय, बाळा.”

“श्वास नाही. दुसरं.” तिने अण्णाच्या बाहीला नाक लावलं. “हे. हे काय आहे?”

वारिजा हसायला लागली आणि मग तिने पदराने डोळे पुसले. सहा वर्षं वारा नाकातून गेलाच नव्हता, तर वास कुठून कळणार? “तो अज्जाचा वास. पान आणि खोबरेल.”

“असाच असतो?”

“असाच.”

“आंघोळ केली तरी?” निश्मीने विचारलं. वॉर्डातल्या सिस्टर शीजा हातातली सुई खाली ठेवून हसल्या.

ती सकाळ मग वासांतच गेली. साबण, डेटॉल, शेजारच्या पलंगावरची बांगड्याची आमटी, सिस्टरच्या केसांतला मोगरा. फिनेल तिला सगळ्यांत आवडलं. अण्णाने सिस्टरला एक नवी गोष्ट सांगितली. भुयारात अडकलेल्या वाघिणीला त्याने पपईच्या देठाची नळी गळ्यात घालून वाचवलं होतं आणि ती पुढे दर सणाला सशाची तंगडी दारात ठेवून जायची. सिस्टरने हे सगळं ऐकून घेतलं आणि ‘अज्जा, तुमच्यासाठी वेगळा वॉर्ड आहे, पण तो या इमारतीत नाही’ असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झालं. वारिजा खाली औषधं आणायला गेली. सिस्टर वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला एका बाळाला सलाईन लावत होत्या. निश्मी झोपली. अण्णा स्टुलावर बसला. पंखा फिरत होता, पडदा हलत होता, खिडकीबाहेर कुणीतरी बादली आपटली.

आणि अण्णाच्या लक्षात आलं की काहीच ऐकू येत नाहीये.

आदल्या दिवशी पोर जागी होती, बोलत होती. झोपली तेव्हा तिच्याजवळ वारिजा होती आणि अण्णा व्हरांड्यात. पोर झोपलीय आणि तो एकटा तिच्याजवळ बसलाय, असं नळी निघाल्यापासून आत्ताच घडत होतं. सूं नाही. खर्र नाही. साडेपाच वर्षं जो आवाज उशाशी होता, तो थांबला होता. त्याने कान पुढे केला. काही नाही. यंत्रावर अठ्ठ्याण्णव होतं. मागच्या वेळीही अठ्ठ्याण्णवच होतं, यंत्र मागाहून बोंबललं होतं. चादर जाड होती, छाती हलतेय की पंख्याने चादर हलतेय, कळेना. त्याच्या डोळ्यांपुढे तो धागा आला. टांगलेलं छत. शेवटी बसलंच.

त्याने हाक मारली नाही. दोर ओढायचा असतो तेव्हा हाक मारत नाहीत, आणि बाईंनीही तेच शिकवलं होतं. उशाशी टांगलेलं पाकीट त्याने दाताने फाडलं. चिकटपट्टी उचलली, घडी बाजूला केली. भोक आक्रसून मसुरीएवढं झालं होतं. नळीच्या टोकाला मलम लावून त्याने ती भोकाशी धरली आणि हात नेहमी वळायचा तसा वळवून दाबली.

नळी नखभर आत गेली आणि अडली.

तेवढ्यात एक सणसणीत चापट त्याच्या मनगटावर बसली. निश्मीने डोळे उघडले होते. तिने एक तळवा गळ्यावर दाबला आणि म्हणाली, “काय करतोयस अज्जा, दुखतंय ना मला, झोपू दे की!”

नऊ शब्द. अण्णाने ते मोजले नाहीत, पण त्याला ते पुरले. तो स्टुलावर टेकला. हातात नळी, नळीच्या टोकाला रक्ताचा ठिपका.

“मला वाटलं…” तो म्हणाला. “तू आवाज करत नव्हतीस.”

“झोपलेले. झोपल्यावर काय गाणं म्हणू?”

अण्णाने हात धुतले, नवी घडी ठेवली, पट्टी चिकटवली. पट्टीचं टोक त्याला दोनदा उचलून पुन्हा लावावं लागलं, त्या दोन हातांना हे नवीनच होतं. “आईला सांगू नकोस हं,” त्याच्या तोंडून गेलं. निश्मीने मान डोलवली आणि ती कुशीवर वळली.

बसल्या बसल्या अण्णाचा घाम निवला, आणि मग त्याला खरी भीती वाटायला लागली. छताला कुदळीचा धक्का लागला तर ते त्याच दिवशी कधी बसत नाही. तिसऱ्या दिवशी बसतं, सगळे निवांत जेवायला बसलेले असताना. आपण त्या टांगलेल्या भिंतीला खालून ढुशी दिली. एखादा धागा सुटला असेल तर? पोर घरी जाईल, मुळिगद्देला, दवाखान्यापासून दोन तासांवर, आणि तिथं…

वारिजा पिशवी घेऊन वर आली. अण्णा उभा राहिला.

“वारिजा, मी आत्ता तिच्या गळ्यात नळी घातली होती.”

“हो का?” वारिजाने पिशवी ठेवली. “वाघिणीच्या की निश्मीच्या?”

“निश्मीच्या. मला वाटलं श्वास थांबला.”

“अप्पा, पुरे हं. असल्या गोष्टीची थट्टा नको.”

“थट्टा नाही. देवाशपथ.”

“कुठल्या? तुमच्या सगळ्या देवांना आता सवय झालीय.” तरी तिने वाकून पट्टी पाहिली. पट्टी नीट होती, अगदी सिस्टरने लावावी तशी. साडेपाच वर्षांचा सराव होता तो. “निश्मी, अज्जाने नळी घातली तुला?”

निश्मीने अज्जाकडे पाहिलं. मग आईकडे. “नाही बाई,” ती म्हणाली. “अज्जाने काही नाही केलं.”

पोरीने शब्द पाळला होता, आता काय करावं? अण्णाने कपाळाला हात लावला. “अगं, मीच तिला सांगितलं होतं सांगू नको म्हणून! निश्मी, आता सांग. सांगितलं तर चालेल.”

“काय सांगू?” निश्मी निरागसपणे म्हणाली.

सिस्टर आल्या. अण्णाने फाटकं पाकीट दाखवलं. “हे उघडलंत कशाला?” त्या कडाडल्या. “हात लावायचा नाही म्हणून टांगलंय ना? आता दुसरी नळी मागवावी लागेल. काल वाघीण, आज नात. उद्या माझ्या गळ्यात घालाल!”

“सिस्टर, ती घडी उचलून बघा. रक्त दिसेल.”

“टाक्यांची जागा आहे, थोडं रक्त दिसणारच. सारखी उचलू नये.” आणि त्या निघून गेल्या.

अंगारअण्णाने आयुष्यात माणसांना सासूच्या चुलीखालचं भुयार पटवलं होतं. अजगराच्या पोटातला रस्ता निम्म्याअधिक पटवला होता. आज एक साधी, सरळ, मीठमसाला न लावलेली खरी गोष्ट हातात होती आणि ती घ्यायला कुणी तयार नव्हतं. चार वाजता डॉक्टर लोबो फेरीला येतात. तो दाराशी जाऊन उभा राहिला. मनात वाक्य जुळवलं. दरवेळी त्यात काहीतरी जादा शिरायचं, ते त्याने काढून टाकलं. पुन्हा जुळवलं. पुन्हा काढलं. चार वाजेपर्यंत वाक्य अगदी लहान झालं होतं.

“बाई, मी चुकलो. पोर झोपली होती, आवाज येईना. मी नळी घातली.”

“अण्णा,” बाई चालता चालता म्हणाल्या, “सिस्टरने सांगितलं मला. वाघीण बरी आहे ना?”

“नखभर गेली आणि अडली.”

“बरं.”

“वरच्या अंगाला लागली. आधी तिथं ओल्या मातीसारखं लागायचं. दर आठवड्याला नळी बदलायचो ना मी, तेव्हा हाताला कळायचं. दाबलं की मऊ आत जायचं आणि मग नळी सरकायची. आज मऊ नव्हतं. जांभा उन्हात चार दिवस ठेवला की लागतो, तसं लागलं. म्हणून मी जोर नाही केला. पण ढुशी बसलीच.”

डॉक्टर लोबो थांबल्या. हातातली फाईल त्यांनी सिस्टरकडे दिली. “पुन्हा सांगा. कुठल्या बाजूला लागलं?”

“वर. आणि जरा डावीकडं.”

“डावीकडचा टाका…” बाई पुटपुटल्या आणि मग मोठ्याने म्हणाल्या, “सिस्टर, बारीक दुर्बीण. नाकात थेंब टाका. आत्ता.”

वारिजा पुढे आली. “अप्पा, खरंच?”

“मघापासून काय सांगतोय?”

“पण तुम्ही कधी खरं…” तिने निश्मीला उचललं.

तपासणीच्या खोलीत निश्मी आईच्या मांडीवर बसली. नाकात बधीर करणारे थेंब पडले. काडीपेक्षा जाड नाही अशी ती काळी तार बाईंनी हळूच नाकातून आत सोडली आणि पडद्यावर चित्र उमटलं. गुलाबी, ओलसर, उजेडाने चमकणारी वाट. अण्णाने आयुष्यात इतकं स्वच्छ भुयार पाहिलं नव्हतं. तो दाराच्या चौकटीला धरून उभा होता. आत यायचं धाडस नव्हतं आणि बाहेर जायची ताकद नव्हती.

“श्वास घे, निश्मिता. मोठा. अजून मोठा.”

पोरीने श्वास ओढला. अण्णाने डोळे मिटले. मग त्याला वाटलं, मिटून काय उपयोग, आणि उघडले. भिंत जागच्या जागी होती. आणखी एक श्वास. भिंत हलली नाही. भोकाच्या वर, जरा डावीकडे, तांबडा ठिपका होता, तांदळाच्या कणीएवढा.

“ही तुमची ढुशी,” बाई म्हणाल्या. “वरवर खरचटलंय. टाका शाबूत आहे.”

“म्हणजे धागा धरलाय?”

“धागा कशाला धरतोय आता? तो पहिले काही दिवस धरतो. तीन आठवड्यांत भिंत आपली आपण जागेवर रुजली. धागा सोडला तरी ती पडायची नाही.” बाईंनी तार बाहेर काढली. निश्मी दणकून शिंकली, आणि ती शिंक नाकातून आली म्हणून स्वतःच खूश झाली. “टांगलेलं छत नाही ते, अण्णा. पहिल्या दिवशीच विचारलं असतंत तर सांगितलं असतं.”

“विचारायला भ्यालो.”

“तुम्ही? अजगराच्या पोटातून गेलेले?”

बाईंनी हातमोजे काढले आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसल्या. “आता माझी चूक ऐका. श्वास कोंडला तर काय करायचं, ते मी तुमच्याकडून घोकून घेतलं. न कोंडलेला श्वास कसा असतो, ते सांगायचं राहिलं. इतकी वर्षं आवाज ऐकत झोपलेली माणसं तुम्ही. बऱ्या झालेल्या पोराचा आवाज येत नाही. पुढच्या घरच्यांना मी हे आधी सांगेन. तुम्हाला मात्र शिक्षा आहे. दोनाचे चार दिवस राहायचं इथं. जादा नळी सिस्टरच्या टेबलावर. आणि तुम्ही तिच्यापाशी बसायचं ते हात खिशात घालून.”

“कमरेच्या मुंडूला खिसा कुठला, बाई?”

“मग खोलीबाहेर बसा.”

सिस्टर शीजांनी ती शिक्षा अक्षरशः अमलात आणली. दाराबाहेर स्टूल ठेवलं आणि अण्णाला तिथं बसवलं. वारिजा आत पोरीजवळ. संध्याकाळी ती पेजेचा पेला आणि लिंबाचं लोणचं घेऊन बाहेर आली, त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, “तुम्ही बाईंना सांगितलं नसतंत तर मला कळलंही नसतं.”

“कळलं असतं. तिसऱ्या दिवशी.”

“काही झालंच नव्हतं ना पण.”

“ते आता माहीत झालं,” अण्णा म्हणाला आणि त्याने लोणच्याची फोड चोखली.

चौथ्या दिवशी सकाळी बाईंनी घडी उचलून पाहिलं. भोक टाचणीच्या डोक्याएवढं राहिलं होतं. बोलताना त्यातून हवेचा बुडबुडासुद्धा निघत नव्हता. “दुपारी घरी,” बाई म्हणाल्या. वारिजा कागद करायला गेली. सिस्टर औषधांच्या कपाटाशी पाठमोऱ्या होत्या. अण्णा आपला बाहेरच, स्टुलावर. शिक्षा अजून उठली नव्हती, आणि त्याने उठवा म्हटलंही नव्हतं.

पडदा हलला. निश्मी अनवाणी दारात आली. एकदा सिस्टरच्या पाठीकडे पाहिलं, मग अज्जाच्या खांद्याला धरून टाचा उंचावल्या आणि तोंड त्याच्या कानाशी नेलं. आजवर तिला कानात काही सांगता येत नसे. हनुवटी गळ्यावर दाबून जे बोलायचं ते साऱ्या घराला ऐकू जायचं.

“अज्जा,” ती कुजबुजली, “सिस्टर म्हणाल्या की तू फार डेंजर माणूस आहेस आणि तुला कुणी काही हातात देऊ नये, पण मी म्हटलं तसं काही नाही, तो आमच्याकडे रोज सगळं करतो.”

अण्णाला त्यातलं निम्मंच कळलं. शब्दांबरोबर तिच्या तोंडातून ऊन ऊन वारा येत होता, त्याच्या कानाच्या पाळीवरचे पांढरे केस हलवत, आणि त्याने मान तशीच वाकडी धरून ठेवली.

“काय म्हणालीस?” तो म्हणाला. “पुन्हा सांग बघू.”